बावीस तारखेची नोंद

१

बाइंडर संध्याकाळी पावणेसहाला गेले. घरातली वीज जाऊन तेव्हा बारा तास होत आले होते.

सगळे त्यांना बाइंडरच म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी शाळांची पुस्तकं, कचेऱ्यांची रजिस्टरं आणि वाचनालयाचे जाडजूड ग्रंथ बांधले. त्या कागदाच्या धुळीने म्हणा की आणखी कशाने, उतारवयात त्यांची फुप्फुसं कामातून गेली. शेवटची दोन वर्षं ते पलंगाशेजारच्या ऑक्सिजनच्या मशीनवर होते. मशीन विजेवर चालायचं. वीज गेलीच तर म्हणून मुलीने दोन सिलिंडर भरून ठेवलेले असत. एक सिलिंडर पाच तास पुरायचं.

त्या भागात वाऱ्याचे दिवस दरवर्षी ठरलेले. कोरड्या हंगामाच्या शेवटी पाच-सहा आठवडे असा वारा सुटतो, की लोक आधीच छपराचे पत्रे तारेने आवळून घेतात आणि दुकानांच्या पाट्या उतरवून आत ठेवतात. यंदाचा पहिला मोठा वारा आठ तारखेला सकाळी सहाला आला. पाण्याच्या टाकीजवळच्या नीलगिरीची मांडीएवढी जाड फांदी सात नंबरच्या लाइनवर कोसळली आणि दोन खांबांना घेऊन खाली आली. ती लाइन एकोणीस तास बंद राहिली. बाइंडरांचं दुसरं सिलिंडर चारला संपलं. रस्ते झाडांनी अडलेले होते. रुग्णवाहिका पोहोचली तेव्हा सव्वासहा झाले होते.

वीज कंपनीने आठवड्याच्या आत खुलासा पाठवला. नैसर्गिक आपत्ती; वारा नेहमीपेक्षा जोराचा; हंगामापूर्वीची छाटणी गेल्या महिन्याच्या सतरा तारखेला पूर्ण, सोबत फोरमनची सही. मग कुणीतरी वादळाच्या आदल्या दिवशीचा त्या झाडाचा फोटो वर्तमानपत्राला दिला. फांदी लाइनवर छत्रीसारखी पसरलेली होती. कंपनीने दुसऱ्याच दिवशी फोरमनला खोट्या सहीबद्दल निलंबित केलं आणि हात झटकले.

वीज नियामक कार्यालयाने चौकशीला आपल्या निरीक्षकबाई पाठवल्या. छप्पन्न वर्षांच्या, अंगाने बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. प्रश्न विचारून झाला की त्या गप्प बसत. त्यांचा नवरा म्हणायचा, की तू गप्प बसलीस की समोरच्याची सुटका नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

फोरमन त्यांच्यासमोर पाच मिनिटं तसाच बसला होता. शेवटी म्हणाला, "सही माझीच आहे मॅडम. पण मी लाइन बंद करायची परवानगी मागितली होती. एकदा नाही, तीनदा. सबस्टेशनच्या रजिस्टरात नोंद आहे, बघा."

बाईंच्या समोर ते रजिस्टर उघडंच होतं. त्या सकाळीच त्यांनी ते ताब्यात घेऊन पानन् पान वाचलं होतं. त्यात तशी एकही नोंद नव्हती.

२

फोरमनने रजिस्टर तीनदा पुढेमागे उलटलं. आधी तो म्हणाला की हे ते रजिस्टर नव्हेच. मग हस्ताक्षर ओळखून त्याने ते मिटलं.

बाई त्याला घेऊन झाडाकडे गेल्या. नीलगिरी अजून उभी होती, एका बाजूने फाटलेली. फोरमनने हाताने दाखवत सगळं समजावलं. खालच्या फांद्या लांब दांड्याच्या करवतीने जमिनीवरून काढता येतात, आणि त्या त्याने सतरा तारखेला काढल्या होत्या. बुंध्यावरचे जुने काप दिसत होते. वरची फांदी मात्र तारांच्या हातभर अंतरात. लाइन चालू असताना तिला हात लावणं म्हणजे माणसाने स्वतःहून मरणाला हाक मारणं. दोन तास लाइन बंद मिळाली असती तर काम झालं असतं.

"मग छाटणी पूर्ण, असं का लिहिलंत?"

छाटणीच्या फॉर्मवर दोनच रकाने, त्याने सांगितलं, हो आणि नाही. नाहीवर खूण केली की कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं असतं तर ते थेट उपअभियंता साहेबांवर गेलं असतं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने साहेबांच्या विरोधात कागद केला नव्हता. साहेबच म्हणाले होते, की जेवढी झाली तेवढी झाली, हो लिही.

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला त्याने पहिल्यांदा मागितलं. चौदाला दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा ऑपरेटरने साहेबांना फोन लावून विचारलं, साहेब नाही म्हणाले, आणि ऑपरेटरने फोरमनच्या डोळ्यांदेखत तसं लिहिलं. सोळाला तो तिसऱ्यांदा गेला. ऑपरेटर म्हणाला, विचारून सांगतो. संध्याकाळी फोन आला, नाही म्हणून.

"सोळाची नोंद तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली नाही. पण ते ऑपरेटर काका शिंकले तरी वेळ टाकून लिहितील असे आहेत. न लिहिता राहणार नाहीत."

बाईंनाही तेच खटकत होतं. माणूस खोटं बोलत असेल तर ज्या कागदाने आपण उघडे पडू तोच कागद बघा म्हणून तो आग्रह धरणार नाही. पण त्या कागदात तर नोंदच नव्हती. आणि कागद लिहिणाऱ्याला त्या अजून नीट भेटल्या नव्हत्या.

३

सबस्टेशन गावाच्या टोकाला, तारेच्या कुंपणात. ऑपरेटरची खोली एवढीशी, पण लख्ख. भिंतीवर घड्याळ, त्याखाली टेलिफोन, शेजारी एक यादी चिकटवलेली: घरात आजारपणाची यंत्रं असलेले ग्राहक, लाइननुसार. सात नंबरखाली एकच नाव होतं आणि त्यावर आता सरळ रेघ मारलेली होती. टेबलावर ऑपरेटरची स्वतःची डायरी, किरमिजी कापडाचा नवा पुठ्ठा घातलेली.

ऑपरेटर निवृत्तीला आलेला, सगळ्यांचा काका. बाईंनी टेबलावर ठेवलेल्या रजिस्टरावर तो बोलताना हात ठेवून बसला. बाईंनी विचारलेलं सगळं त्याने सरळ सांगितलं. लाइन बंद करायची प्रत्येक मागणी या रजिस्टरात येते, मिळाली तरी आणि नाकारली तरी. रजिस्टर त्याच्या कुलपात असतं. वादळ झाल्यावर त्याने ते पहिल्या पानापासून वाचून काढलं होतं, कारण चौकशी येणार हे त्याला ठाऊक होतं.

मग फोरमनच्या तीन मागण्या?

"यात जे आहे ते आहे, मॅडम."

बाई गप्प बसल्या. त्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा रजिस्टराकडे. फोरमन चांगला माणूस आहे, तो म्हणाला, आपलं त्याच्याबद्दल वाईट मत नाही.

बाहेर पडताना बाईंनी सहज विचारलं, बाइंडरांना ओळखत होता का. गावात त्यांना कोण ओळखत नव्हतं, असं उत्तर आलं. ते बरोबरच होतं. पण ते देताना काकांनी पहिल्यांदाच नजर चुकवली.

४

बाइंडरांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. आता मुलगी चालवत होती. चाळिशीकडे झुकलेली, हातांवर खळीचे पापुद्रे. फळीवर किरमिजी कापडाचा तागा पडला होता. मागच्या खोलीत पलंग अजून तसाच होता, मशीन मात्र दवाखान्याने परत नेलं होतं. तिची म्हातारी आत्या चहा देऊन गेली आणि दाराआड उभी राहिली.

मुलीने काम थांबवलं नाही. हात थांबले की मन भलतीकडे जातं, असं ती म्हणाली. एका शालेय पुस्तकाचं सुटं पान चिकटवत होती. पुस्तकाच्या मालकाने पान फाडलं एक, आणि तक्रार दोन पानांची घेऊन आला, असं सांगताना ती किंचित हसली. ताव मधोमध दुमडून शिवलेला असतो. डावीकडचं पान ओढून काढलं की त्याचं उजवीकडचं भावंड आपोआप सुटतं. लोकांना वाटतं, ते दुसरं आपलं आपण गळलं.

बाई त्या दिवशी दुसऱ्याच गोष्टीसाठी आल्या होत्या, म्हणून हे त्यांच्या कानांवरून गेलं.

मुलीने एक वही काढून दिली. दोन वर्षांत वीज गेली की ती तारीख आणि वेळ लिहीत आली होती, सिलिंडर किती वापरलं ते कळावं म्हणून. काही तारखांपुढे बारीक 'फो' होतं. ठरवून लाइन बंद करणार असले की सबस्टेशनचे काका आदल्या दिवशी फोन करायचे, तिने सांगितलं, म्हणजे सिलिंडर जोडून तयार ठेवता यायचं. बाबांना नळी बदलताना फार भीती वाटायची. हात घट्ट धरून ठेवायचे.

बाईंनी गेला महिना काढला. सतरा तारखेला वीज गेलेली नव्हती. म्हणजे वरची फांदी त्या दिवशी कापली गेली नाही, हे पक्कं. मग त्यांचं बोट खाली सरकलं. बावीस तारीख, दुपारी तीन ते तीन चाळीस, पुढे 'फो'.

"या दिवशी काय झालं होतं?"

"ट्रान्सफॉर्मरचं तेल गळत होतं म्हणे. काकांनी सांगितलं होतं."

बाईंनी पिशवीतून रजिस्टर काढून तिथेच उघडलं. बावीस तारखेची नोंद त्यातही नव्हती.

५

हे मात्र त्यांना उलगडेना. फोरमनला विचारलं, तर तो म्हणाला की बावीसला तेलगळतीचं काम झालंच. परवानगी मिळाली होती, त्याने स्वतः रजिस्टरात सही केली होती, गँगमधल्या चौघांनी पाहिलं होतं. नाकारलेल्या मागण्या कुणी लपवल्या असतील तर समजण्यासारखं आहे. पण बावीसची नोंद कुणाच्याच वाटेत येत नव्हती. रीतसर परवानगी, रीतसर काम, चाळीस मिनिटांत लाइन चालू. ती कुणाला नको होती?

सरकारी विश्रामगृहाच्या खोलीत बाई दुपारभर रजिस्टर समोर घेऊन बसल्या. पानांना छापील आकडे नव्हते. गेल्या महिन्याच्या नोंदी आठ तारखेवरून एकदम अठरावर जात, आणि एकवीसवरून सव्वीसवर. दर दिवशी नोंद असतेच असं नाही, त्यामुळे वाचताना खंड जाणवत नव्हता. कुठे फाटल्याची कडा नाही, कुठे खाडाखोड नाही.

चहा गार झाला. आणि मग, कपाची बशी रजिस्टरावरून उचलता उचलता, त्यांना ते भावंड पान आठवलं.

त्यांनी रजिस्टर उभं धरलं आणि पाठीकडून बघितलं. आठ-आठ तावांचे गठ्ठे एकमेकांना शिवलेले. त्या पेन्सिलच्या टोकाने एकेक ताव मोजू लागल्या. पहिला गठ्ठा आठ. दुसरा आठ. तिसरा आठ. चौथ्यात सात भरले. पुन्हा मोजले. सातच. मधला दोरा तिथे सैल होता आणि त्याच्या खाली कागदाचा केसाएवढा तंतू अडकलेला होता.

कुणीतरी नऊ ते सतरा तारखांचं पान ओढून काढलं होतं. ते निघताच त्याच तावाचं दुसरं अर्ध, बावीस ते पंचवीसचं, हातात सुटून आलं. ठेवलं असतं तर लोंबत राहिलं असतं आणि विचारणाऱ्याने विचारलं असतं. म्हणून तेही गेलं. बावीसची नोंद कुणाला नको होती असं नव्हतंच.

फोरमन खरं बोलत होता. ते पान त्याची सुटका होतं; ते नाहीसं करून त्याला स्वतःचाच गळा आवळायचा नव्हता. राहिले दोघे, आणि त्यातला एक दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला स्वतःहून भेटायला येणार होता.

६

उपअभियंता साहेब हातात फाइल घेऊनच आले. बाईंनी ताव मोजल्याचं सांगितलं तेव्हा ते दचकले नाहीत, वैतागले. त्यांनी फाइलमधून एक परिपत्रक काढून टेबलावर ठेवलं. त्यांच्याच सहीचं, गेल्या महिन्याच्या एक तारखेचं: महिनाअखेरपर्यंत तातडीच्या दुरुस्तीखेरीज कोणतीही लाइन ठरवून बंद करू नये.

"नऊला मी नाही म्हटलं. चौदालाही. नाकारतोय कशाला? रजिस्टरातलं पान फाडून मी काय मिळवणार, हे परिपत्रक तीस जणांकडे गेलंय. आणि वादळापासून कालपर्यंत मी मुख्य कार्यालयात होतो, हजेरी बघा."

बाईंनी हजेरी आधीच पाहिली होती. त्यांनी फक्त विचारलं, वाऱ्याच्या दिवसांच्या तोंडावर असं परिपत्रक का काढलंत.

साहेबांनी फाइल मिटली. मग हळू आवाजात बोलले. नियामक कार्यालयाच्या, वीजपुरवठ्याच्या विश्वासार्हतेच्या गुणांकनाचा महिना होता. ग्राहकाची वीज जितकी मिनिटं जाते तितके गुण कमी होतात. बिघाडाने जावो की छाटणीसाठी ठरवून जावो, मिनिट ते मिनिट. सात नंबरवर चार हजार घरं. दोन तास बंद म्हणजे विभाग तळाला. वादळात गेलेली मिनिटं मात्र नैसर्गिक आपत्तीत धरतात, त्यांचे गुण कापत नाहीत.

"हा नियम अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी लिहिला, त्यांचं नाव त्याच्या पहिल्या पानावर आहे, मॅडम. तुम्हाला मी सांगायला नको."

बाईंना सांगायला नको होतं. नियम त्यांनीच लिहिला होता. त्या काळी कंपन्या बिघाड झाला की 'ठरवून बंद' अशी पाटी लावून मोकळ्या व्हायच्या. ती पळवाट बुजवायची म्हणून त्यांनी दोन्ही मिनिटं सारखी धरली, आणि त्यासाठी त्यांची पाठही थोपटली गेली होती. फांदीचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता.

त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. "सोळा तारखेला तिसरी मागणी आली. तेव्हाही तुम्हीच नाही म्हणालात?"

साहेबांना आठवावं लागलं. त्या दिवशी ते गुणांकनाच्या बैठकीत होते. ऑपरेटरचा फोन आला होता, हे खरं. बैठक सोडून बोलायला वेळ नव्हता.

"मी म्हटलं, काका, तुम्हीच बघा काय ते."

साहेब गेल्यावर बाईंनी मुलीची वही पुन्हा काढली. सोळा तारखेची ओळ त्यांनी आधीही वाचली होती, पण वीज गेलेली नाही एवढंच बघून पुढे गेल्या होत्या. तिथे वेळ नव्हती, सिलिंडर नव्हतं. फक्त 'फो' होतं.

७

ऑपरेटर दुपारच्या पाळीवर होता. बाईंनी दार लोटून घेतलं आणि त्याच्यासमोर बसल्या. या वेळी त्या गप्प राहिल्या नाहीत.

त्यांनी शांतपणे एकेक गोष्ट मांडली. रजिस्टर काकांच्या कुलपात. काकांनी ते वादळानंतर पहिल्या पानापासून वाचलेलं. शिंकेची वेळ लिहिणाऱ्या माणसाला बावीसची नोंद नाहीशी झालेली दिसणार नाही, हे शक्य नाही. आणि दिसूनही तो बोलला नाही, तर ती त्यानेच काढलेली. साहेबांचा नकार लपवायला म्हणावं, तर साहेबांनी तो जगाला वाटला होता. तेव्हा त्या पानावर काकांचं स्वतःचं काहीतरी असणार. सोळाचा निर्णय साहेबांनी काकांवर सोडला. काकांनी बाइंडरांच्या घरी फोन केला, उद्या दोन तास लाइन बंद करतो म्हणून सांगायला. म्हणजे ते परवानगी देणार होते. त्या फोननंतर त्यांचं मन बदललं.

"या डायरीचा पुठ्ठा त्याच दुकानातला आहे. कापड मी तिथे पाहिलं. फोनवर काय बोलणं झालं, काका?"

ऑपरेटरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. डायरीच्या पुठ्ठ्याच्या आत हात घालून घडी केलेला ताव काढला आणि बाईंच्या पुढे सरकवला. जाळायला नेला होता, तो म्हणाला, जाळवला नाही.

सोळा तारखेची नोंद रेखीव अक्षरात होती. फोरमनची मागणी, तिसरी वेळ. साहेबांनी निर्णय माझ्यावर सोडला. लाइनवर ऑक्सिजनचा रुग्ण. रुग्णाच्या मुलीची फोनवर विनंती: वडिलांना दोन दिवस फार त्रास आहे, नळी बदलली की घाबरतात, शक्य असेल तर आमची लाइन बंद करू नका. म्हणून नाकारले.

खाली सही आणि वेळ. चार वाजून दहा मिनिटं.

"चौकशीचे कागद घरच्यांना मिळतात, मला ठाऊक आहे," ऑपरेटर म्हणाला. "तिने हे वाचलं असतं. बाप माझ्या बोलण्याने गेला, असं म्हणत जन्म काढला असता पोरीने. बाइंडर माझा मित्र होता. मला दुसरं काही सुचलं नाही."

"आणि फोरमन?"

ऑपरेटरने चष्मा उचलून पुसला. वाटलं होतं तो निभावून नेईल, युनियन आहे, माणसं आहेत त्याच्या पाठीशी. तिच्या पाठीशी कोण आहे, एक म्हातारी आत्या. एवढं सांगून त्याने तोंड ओंजळीत झाकलं.

बाईंनी ताव पाकिटात घातला. गुन्हेगार सापडला की मनावरचं ओझं उतरतं, असा त्यांचा आजवरचा अनुभव. या वेळी ते वाढलं होतं.

८

अहवाल लिहिण्याआधी त्या दुकानात गेल्या. ताव मुलीच्या हातात देण्याआधी त्यांनी सगळं तोंडी सांगितलं, साहेबांचे दोन नकार, तिसरा नकार, आणि त्याचं कारण. आत्या दारातून पुढे आली आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

मुलीने नोंद वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाली, "दोन तासांना अर्धं सिलिंडरसुद्धा लागलं नसतं."

"नाही."

"मी म्हटलं होतं. हेच शब्द."

"तू म्हणणारच," बाई म्हणाल्या. आपण तिला अहो-जाहो सोडून बोललो, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. "बापाला त्रास होतोय, वीज घालवू नका, असं कुठलीही मुलगी म्हणेल. तुला फांदी दिसत नव्हती. त्यांना दिसत होती. विनंती ऐकून तुझ्याकडे दोन तासांपुरता माणूस आणि बॅटरी पाठवायची आणि फांदी कापायची, हे काम कंपनीचं. आणि छाटणीला आणि बिघाडाला एकाच मापाने मोजणारा नियम माझा. तुझा वाटा यात शेवटचा, आणि तो गुन्हा नाही."

हे तिच्यापर्यंत पोहोचलं की नाही, बाईंना कळलं नाही. मुलगी ताव हातात धरून रस्त्याकडे बघत होती. बाईंनी सांगितलं, की नकार दिला एवढंच लिहून कारण वगळता येईल. कायद्याने तेवढी मोकळीक आहे.

"वगळू नका. कारण लिहिलं नाही तर पुढच्या वाऱ्यात दुसरं कुणी अशीच विनंती करेल आणि दुसरे कुणी काका ऐकतील." मग थोड्या वेळाने, "काका भेटायला येतो म्हणाले का?"

"विचारत होते."

"आज नको."

अहवाल तीन आठवड्यांनी गेला. नैसर्गिक आपत्तीचा खुलासा त्यात फेटाळला होता. वारा दरवर्षी ठरल्या दिवसांत येतो, तो अचानक आला असं म्हणण्याचा कंपनीला हक्क नाही, असं बाईंनी लिहिलं. हंगामापूर्वीची छाटणी रोखल्याची जबाबदारी कंपनीवर आणि परिपत्रकावर सही करणाऱ्यावर. फोरमनवरचा ठपका मागे. फक्त 'हो'वर खूण केल्याबद्दल ताकीद. ऑपरेटरवर कागद नाहीसा केल्याची कारवाई. शेवटच्या परिच्छेदात त्यांनी गुणांकनाचा नियम सदोष असल्याचं आणि तो स्वतः लिहिल्याचं नमूद केलं. वरिष्ठांनी तो परिच्छेद काढायला दोनदा सांगितलं. त्यांनी तो ठेवला, आणि तेव्हापासून कार्यालयात त्यांच्याशी लोक जरा जपूनच बोलू लागले.

नियम बदलायला आणखी काही महिने लागणार होते. त्याची वाट न बघता सात नंबरवरची उरलेली झाडं छाटायची ठरली. फोरमन कामावर परत आला होता. लाइन सकाळी नऊला बंद झाली. बाई बघायला आल्या. रस्त्यावर लोक कुरकुरत होते, ऐन कामाच्या वेळी वीज घालवली म्हणून, आणि शिडीवरून फोरमन त्यांना उत्तर न देता करवत चालवत होता.

दुकानाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, ऑपरेटर उभा होता. निलंबित माणूस, अंगात साधा सदरा, हात कुठे ठेवावेत हे न कळणारा. तो कधीपासून तिथे होता कुणास ठाऊक. मुलगी दारात आली. तिने त्याला पाहिलं आणि आत गेली. बाईंना वाटलं, दार लावून घेणार.

ती लाकडी स्टूल घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्याशेजारी ठेवलं.

"काका, बसा," ती म्हणाली, आणि आपल्या कामाला लागली.

तो रस्ता ओलांडून आला आणि बसला. लाइन चालू होईपर्यंत दोघं एक शब्दही बोलली नाहीत.